वर्डप्रेस साइट साफ केली तरी पुन्हा हॅक होते? आधी शिरकाव कुठून झाला ते शोधा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. गुगलवरून कुणी साइटवर आलं की जुगाराच्या नाहीतर नकली औषधांच्या पानावर फेकलं जातं. मालक स्वतः पत्ता टाइप करून बघतो तेव्हा सगळं जागच्या जागी दिसतं. मग होस्टिंग कंपनीचा मेल येतो की अकाउंटमध्ये मालवेअर सापडलं, साइट बंद केली आहे. कुणाला तरी पैसे देऊन स्कॅन करून घेतात, लाल दाखवलेल्या फाइली पुसतात, साइट सुरू होते. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

असं वारंवार होण्यामागे दोनच कारणं असतात. चोर ज्या दाराने आत आला ते दार अजून उघडं आहे, किंवा त्याने आत लपवलेली चावी साफसफाईत सुटली आहे. बऱ्याचदा दोन्ही. नुसत्या फाइली पुसून यातलं काहीच मिटत नाही. उलट शिरकाव कसा झाला याचा पुरावाही पुसला जातो.

पुढची माहिती शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं नियंत्रण पान) चालणाऱ्या वर्डप्रेस साइटसाठी आहे. देवगडहून हापूसच्या पेट्या विकणारा बागायतदार, नाशिकजवळचं होमस्टे, डोंबिवलीतलं पॅथॉलॉजी लॅब, पुण्यातला क्लास अशांची साइट साधारण इथेच असते आणि त्यांच्याकडे पगारी आयटी माणूस नसतो.

"आमच्या एवढ्याशा साइटवर कोण हल्ला करणार?"

तुम्हाला कुणी निवडलेलं नसतं. साइटला एसएसएल सर्टिफिकेट मिळालं की त्याची नोंद सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक यादीत होते. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, ती यादी सतत वाचत असतात, त्यामुळे नवीन डोमेनवर पहिली टकटक काही मिनिटांतही येऊ शकते. अर्धवट सोडलेलं वर्डप्रेस इन्स्टॉलेशन तर तिथल्या तिथे दुसराच कुणीतरी पूर्ण करून टाकतो. म्हणून "उद्या करू" म्हणत इन्स्टॉलचं पान रात्रभर उघडं ठेवू नका.

त्यांना तुमचा डेटा हवा असतोच असं नाही. तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम मेल पाठवायला, तुमच्या डोमेनची गुगलवरची पत वापरायला, बँकेचं खोटं लॉगिन पान ठेवायला जागा हवी असते. त्याला लहान साइटही पुरते.

टकटक आणि शिरकाव यात फरक करा

लॉगिन पानावर दिवसाला हजारो प्रयत्न दिसले म्हणजे साइट हॅक झाली असं नाही. ती टकटक कधीच थांबणार नाही, तिचा भार कमी करता येतो एवढंच. शिरकाव वेगळा, आणि त्याच्या खुणा ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदीत, असतात.

सीपॅनेलमध्ये मेट्रिक्सखाली "रॉ ॲक्सेस" उघडा. महिन्याअखेर लॉग होम डिरेक्टरीत साठवण्याच्या पर्यायावर खूण करा आणि मागच्या महिन्याचे साठवलेले लॉग पुसण्याच्या पर्यायावरची खूण काढा. हे आजच करा, साइट ठणठणीत असली तरी. पुष्कळ होस्टिंगवर एरवी फक्त गेल्या एक-दोन दिवसांचे लॉग मिळतात आणि शिरकाव तर तीन आठवड्यांपूर्वी झालेला असतो. लॉगमधली वेळ सर्व्हरच्या टाइमझोनची असते. तिच्याशेजारी शून्याचा फरक छापला असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

आता ओळी वाचा. लॉगिन पानावर, म्हणजे डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपीवर, "पोस्ट" (फॉर्म भरून पाठवल्याची) विनंती गेली आणि सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक २०० आला, तर पासवर्ड चुकला. वर्डप्रेस चुकलेल्या पासवर्डवर तोच फॉर्म पुन्हा दाखवतं, म्हणून २००. उत्तर ३०२ आलं, तर बहुधा लॉगिन झालं, कारण आत गेलेल्याला वर्डप्रेस डॅशबोर्डकडे वळवतं. पासवर्ड विसरल्याचा फॉर्म भरल्यावरही ३०२ येतं, ते वगळा. शेकडो २०० नंतर त्याच आयपीवरून एक ३०२, मग डब्ल्यूपी-ॲडमिनचं पान, मग प्लगइन अपलोड करण्याची विनंती, मग कधी न पाहिलेल्या नावाच्या पीएचपी (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या) फाइलवर २०० असा क्रम दिसला, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही. पासवर्डने आत शिरले.

शिरकावाचे मुख्य मार्ग चार. लॉगमधला आकार बघून कोणता ते बरंचसं ठरवता येतं.

पहिला, अंदाजाने किंवा चोरीने मिळालेला पासवर्ड. त्याचा आकार वर सांगितला. बॉट "ॲडमिन" हे नाव तर वापरतातच, शिवाय डोमेनचं नावच युझरनेम म्हणून आणि त्यापुढे १२३ किंवा चालू साल लावून पासवर्ड म्हणून टाकून बघतात. खरी युझरनेमं त्यांना साइटच देते. पत्त्यापुढे लेखक क्रमांक १ मागणारी विनंती केली की लेखकाचं नाव पत्त्यात उघड होतं, आणि वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआयमधली युझर्सची यादीही तेच सांगते.

दुसरा, प्लगइन किंवा थीममधलं भोक. इथे लॉगिनची ओळच नसते. एखाद्या प्लगइनच्या फोल्डरमधल्या फाइलवर किंवा ॲडमिन-एजॅक्स.पीएचपीवर थेट "पोस्ट" जातं आणि पुढच्या काही सेकंदांत अपलोड्स फोल्डरमधल्या नव्या पीएचपी फाइलला कुणीतरी हाक मारतं. सप्टेंबर २०२० मध्ये "फाइल मॅनेजर" प्लगइनमध्ये हेच झालं. त्यात बाहेरून घेतलेल्या एका लायब्ररीची नमुना फाइल नाव बदलून चालू पीएचपी फाइल म्हणून राहिली होती, आणि लॉगिन न करता कुणालाही तिच्यातून फाइल चढवता येत होती. सात लाखांहून जास्त साइटवर ते प्लगइन होतं. ६.९ आवृत्तीत दुरुस्ती आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये "रिअली सिंपल सिक्युरिटी" या सुरक्षेच्याच प्लगइनमध्ये लॉगिन ओलांडता येईल असं भोक निघालं, तेही टू-फॅक्टरच्या (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणाऱ्या) भागात. त्याची दुरुस्ती ९.१.२ मध्ये. सुरक्षेचं प्लगइन टाकलं म्हणजे अपडेट करायला नको असा समज असेल तर तो इथेच सोडा.

तिसरा, एफटीपी (सर्व्हरवर फाइली चढवायची सोय) किंवा सीपॅनेलचा पासवर्ड. साइटच्या लॉगमध्ये काहीच नाही आणि फाइली मात्र बदलल्या आहेत, तर इकडे पाहा. होस्टिंगला स्पष्ट शब्दांत लिहा: "गेल्या ३० दिवसांचे एफटीपी लॉग आणि सीपॅनेल लॉगिनची नोंद द्या." मूळ बहुतेक ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत आलेला पासवर्डचोर प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो. एफटीपीसाठी वापरतात त्या फाइलझिला प्रोग्रॅममध्ये मास्टर पासवर्ड लावला नसेल तर त्यातले साइट पासवर्डही सहज वाचता येतात.

चौथा, शेजारची साइट. एकाच सीपॅनेलमध्ये चार-पाच डोमेन असली तर त्या सगळ्यांच्या फाइलींचा मालक एकच सर्व्हर युझर असतो. २०१९ मध्ये बंद केलेल्या साइटच्या फोल्डरमधून आजच्या दुकानाच्या फाइलीत लिहिता येतं. "ओल्ड", "न्यू", "टेस्ट", "डेमो" नावाचे फोल्डर पब्लिक_एचटीएमएलमध्ये (साइटच्या फाइलींचा मुख्य फोल्डर) पडलेले असतात, त्यांत जुनं वर्डप्रेस अजून चालू असतं आणि त्याला कुणी अपडेट करत नाही. लहान एजन्सी सगळ्या ग्राहकांच्या साइट एकाच अकाउंटमध्ये कोंबतात तिथे एक सडली की सगळ्यांना लागण होते. पुन्हा पुन्हा हॅक होणाऱ्या साइटमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच कारणाकडे होतं. लॉग तपासताना अकाउंटमधल्या प्रत्येक डोमेनचा लॉग तपासा, फक्त तक्रार आलेल्या साइटचा नाही.

फुकट मिळालेलं "नल्ड" (परवान्याची तपासणी काढून टाकलेलं) प्रीमियम प्लगइन किंवा थीम वापरली असेल तर वाट शोधत बसू नका. मालवेअर तुम्हीच इन्स्टॉल केलेलं असतं. डब्ल्यूपी-व्हीसीडी हे मालवेअर अशाच नल्ड थीममधून पसरलं. काढून टाका आणि परवाना विकत घ्या, नाहीतर वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातलं मोफत प्लगइन वापरा.

साफसफाई: क्रम चुकवू नका

सुरुवातीला पूर्ण अकाउंटची प्रत आणि सगळे लॉग आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. संसर्ग झालेली प्रत असली तरी घ्या, तपासाला लागते. दुकान असेल तर वूकॉमर्सच्या ऑर्डर वेगळ्या एक्सपोर्ट करा.

सीपॅनेलचा पासवर्ड लगेच बदला, पण स्वच्छ कॉम्प्युटरवरून. वर्डप्रेसचे पासवर्ड मात्र साफसफाई झाल्यावर बदला. लॉगिनच्या फाइलमध्येच टाइप केलेला पासवर्ड बाहेर पाठवणाऱ्या ओळी घातलेल्या असू शकतात. आधी बदललात तर नवा पासवर्डही त्यांच्याकडे जातो.

मग सीपॅनेलमधल्या क्रॉन जॉब्स, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञा, पाहा. दर मिनिटाला चालणारी, लांबलचक अगम्य मजकुराची ओळ असेल तर ती पुसलेल्या फाइली पुन्हा आणून ठेवते. फाइल पुसल्यावर दोन-तीन सेकंदांत इंडेक्स.पीएचपी किंवा .एचटीॲक्सेस (सर्व्हरला सूचना देणारी फाइल) परत उगवत असेल, तर क्रॉनही दोषी नाही. एखादी पीएचपी प्रोसेस मेमरीत बसून पहारा देत आहे. अशा वेळी फाइलींशी झटापट करण्यात अर्थ नाही. एसएसएच (सर्व्हरला थेट आज्ञा देण्याची सोय) असेल तर आपल्या युझरच्या पीएचपी प्रोसेस मारा, नसेल तर होस्टिंगला "या अकाउंटच्या सगळ्या पीएचपी प्रोसेस बंद करा" असं सांगा आणि मगच पुढे जा.

फाइलींच्या बाबतीत सोपा आणि खात्रीचा नियम आहे. जे नव्याने मिळू शकतं ते तपासायचं नाही, बदलायचं. डब्ल्यूपी-ॲडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स हे दोन्ही फोल्डर पूर्ण पुसून वर्डप्रेसच्या अधिकृत झिपमधले टाका. वरून कॉपी करू नका, कारण आत घुसवलेली जादा फाइल तशीच राहते. प्लगइनचे फोल्डर पुसून पुन्हा डाउनलोड करा. थीमचंही तेच. हाताने तपासायच्या उरतात त्या डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी, .एचटीॲक्सेस, चाइल्ड थीम आणि अपलोड्स. अपलोड्समध्ये फोटो आणि पीडीएफ असायला हवेत. तिथे पीएचपी फाइल दिसली तर ती जवळजवळ नक्कीच उपरी आहे. काही प्लगइन तिथे रिकामी इंडेक्स.पीएचपी ठेवतात, ती उघडून रिकामी आहे का बघा. आयकॉनच्या फाइलीही पाहा. ".आयसीओ" शेपटीच्या फाइलमध्ये पीएचपी कोड भरून दुसऱ्या फाइलमधून ती ओढून घ्यायची, ही जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती आहे.

होस्टिंगवर डब्ल्यूपी-सीएलआय (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस सांभाळायचं साधन) असेल तर त्यातली "कोअर व्हेरिफाय-चेकसम्स" आणि "प्लगइन व्हेरिफाय-चेकसम्स" या दोन आज्ञा मूळ फाइलींशी ताळा करून वेगळी फाइल दाखवतात. विकतच्या प्लगइनसाठी हा ताळा होत नाही. फाइल बदलल्याच्या तारखेवर भरवसा ठेवू नका, ती खोटी लावता येते.

स्कॅनर वापरा, पण शेवटी, उरलंसुरलं पकडायला. "बेस६४ डिकोड" दिसलं म्हणून फाइल उडवणंही चूक, कारण पुष्कळ प्रामाणिक प्लगइन ते वापरतात. वर्डफेन्स या सुरक्षा प्लगइनच्या मोफत आवृत्तीला नवे नियम ३० दिवस उशिरा मिळतात, हेही लक्षात असू द्या.

सुटून जाणाऱ्या चाव्या

एवढं करूनही साइट परत सडते तेव्हा पुढच्यापैकी काहीतरी राहिलेलं असतं.

एमयू-प्लगइन्स हा फोल्डर. यातलं प्लगइन नेहमीच्या यादीत दिसत नाही आणि डॅशबोर्डमधून बंदही करता येत नाही. डब्ल्यूपी-कन्टेन्टच्या मुळाशी असणाऱ्या डीबी.पीएचपी, ऑब्जेक्ट-कॅश.पीएचपी आणि ॲडव्हान्स्ड-कॅश.पीएचपी यांनाही हेच लागू. साइटचा वेग वाढवणारं कॅश प्लगइन नसताना कॅशची फाइल असेल तर ती उघडून पाहा.

.यूझर.आयएनआय फाइल. तिच्यात "ऑटो प्रीपेंड फाइल" अशी ओळ असेल तर प्रत्येक पीएचपी पान चालण्याआधी ती फाइल चालते. वर्डफेन्सही ही ओळ स्वतःच्या फायरवॉलसाठी घालतं, त्या फाइलचं नाव वर्डफेन्स-वॅफ.पीएचपी असतं. दुसरं कोणतंही नाव संशयास्पद.

लपलेला ॲडमिन. डॅशबोर्डवर दोन युझर दिसतात, पण पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस उघडून बघायचं साधन) युझर्सच्या तक्त्यात तीन ओळी असतात. मालवेअर यादीतून स्वतःचं नाव गाळतं. मोजणी नेहमी डेटाबेसमध्ये करा आणि युझरमेटाच्या तक्त्यात "कॅपेबिलिटीज" या कीसमोर "ॲडमिनिस्ट्रेटर" कुणाकुणाला लागलंय ते बघा.

ॲप्लिकेशन पासवर्ड. वर्डप्रेस ५.६ पासून प्रत्येक युझरच्या प्रोफाइलखाली हे तयार करता येतात. मुख्य पासवर्ड बदलला तरी ते आपोआप रद्द होत नाहीत. प्रत्येक ॲडमिनचं प्रोफाइल उघडून सगळे रद्द करा.

हेडर-फूटरमध्ये कोड टाकायची प्लगइन. मालवेअर फाइलीत नसतं, डेटाबेसमध्ये या प्लगइनच्या स्निपेटमध्ये (कोडच्या तुकड्यात) असतं, म्हणून फाइल स्कॅनर "सगळं स्वच्छ" म्हणतो. स्निपेटची यादी एकेक करून वाचा. ऑप्शन्सच्या तक्त्यातले साइटचे दोन पत्तेही तपासा.

हे झालं की पासवर्ड बदलायचा क्रम: ईमेल, डोमेन रजिस्ट्रार, सीपॅनेल पुन्हा एकदा, एफटीपी, डेटाबेस, वर्डप्रेस. डेटाबेसचा पासवर्ड बदललात की तोच डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये लिहावा लागतो, नाहीतर डेटाबेस जोडता येत नाही असा संदेश येऊन साइट बंद पडते. त्याच फाइलमधल्या आठ सुरक्षा-की नव्या टाका, म्हणजे लॉगिन करून बसलेले सगळे बाहेर फेकले जातात. पीएचपी आवृत्तीही बघा. ७.४ ची मुदत नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली, ८.० ची नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि ८.१ ची डिसेंबर २०२५ मध्ये.

आता टकटकीचा भार उतरवूया

हापूसच्या हंगामात, ऐन एप्रिलमध्ये, साइटवर ५०८ क्रमांकाची "रिसोर्स लिमिट" चूक यायला लागते तेव्हा दर वेळी ग्राहकच वाढलेले नसतात. लॉगिनच्या कोणत्याच विनंतीला कॅशमधून, म्हणजे साठवलेल्या तयार पानातून, उत्तर देता येत नाही. दरवेळी पीएचपी आणि डेटाबेस जागे होतात, आणि शेअर्ड होस्टिंगवर एकावेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा थोडीच असते. म्हणून बॉटला वर्डप्रेसपर्यंत पोचू न देणं महत्त्वाचं. वर्डप्रेसच्या आतलं प्लगइन बॉटला नाही म्हणतं खरं, पण तेवढं म्हणायलाही सर्व्हरचं बळ खर्च झालेलंच असतं.

साइटच्या पुढे उभी राहून विनंत्या गाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या सेवेचा मोफत प्लॅन इथे पुरतो. त्यात पाच कस्टम नियम करता येतात, त्यातले तीन असे लावा. पहिला: यूआरआय पाथमध्ये डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपी आहे आणि देश भारत नाही, तर मॅनेज्ड चॅलेंज (समोर माणूस आहे की बॉट याची परीक्षा). दुसरा: पाथमध्ये एक्सएमएलआरपीसी.पीएचपी आहे, तर ब्लॉक. तिसरा: पाथमध्ये अपलोड्स फोल्डर आहे आणि .पीएचपी आहे, तर ब्लॉक.

दुसऱ्या नियमाआधी जेटपॅक हे प्लगइन वापरता का बघा. त्याला एक्सएमएल-आरपीसी, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना वर्डप्रेसशी बोलू देणारी जुनी सोय, लागतं. वापरत नसाल तर ही फाइल उघडी ठेवायचं कारण नाही. वर्डप्रेस ४.४ च्या आधी तर एकाच विनंतीत शेकडो पासवर्ड तपासून घेता यायचे.

पूर्ण साइट "फक्त भारत" करू नका. गुगलचा बॉट मुख्यतः अमेरिकेतून येतो, आणि दुबई किंवा न्यू जर्सीतून गावी आंब्याची पेटी पाठवणारा ग्राहकही अडकेल. डब्ल्यूपी-ॲडमिन हा पूर्ण फोल्डरही ब्लॉक करू नका. ॲडमिन-एजॅक्स.पीएचपी त्यातच असते आणि चौकशीचे फॉर्म, कार्ट, फिल्टर तिच्यावर चालतात.

क्लाउडफ्लेअर लावल्यावर तीन गोष्टी हमखास बिघडतात.

एक, सर्व्हरला प्रत्येक ग्राहकाचा आयपी क्लाउडफ्लेअरचाच दिसतो. लॉगिनचे प्रयत्न मोजणारं प्लगइन मग क्लाउडफ्लेअरचाच आयपी अडवतं आणि मालकासकट सगळे बाहेर. प्लगइनच्या सेटिंगमध्ये आयपी "सीएफ-कनेक्टिंग-आयपी" या हेडरमधून घ्यायला सांगा, किंवा होस्टिंगकडून मॉड_रिमोटआयपी लावून घ्या. दुसरा मार्ग बरा, कारण लॉगमध्येही खरे आयपी येतात.

दोन, मूळ सर्व्हरचा आयपी उघडा राहतो. मेल किंवा सीपॅनेलच्या सबडोमेनची डीएनएस नोंद करड्या ढगावर (क्लाउडफ्लेअरच्या आडून न जाणारी) असते आणि ती तोच आयपी दाखवते. बॉट मग क्लाउडफ्लेअर टाळून थेट येतात. व्हीपीएस (स्वतःचा वेगळा आभासी सर्व्हर) असेल तर वेबचे पोर्ट फक्त क्लाउडफ्लेअरच्या आयपींना उघडे ठेवा. शेअर्ड होस्टिंगवर .एचटीॲक्सेसमधून तसंच करता येतं का हे सपोर्टला विचारा. मेल वेगळ्या सेवेवर हलवलात तर गळती बरीच थांबते.

तीन, पेमेंट अडकतं. ग्राहकाचे पैसे जातात, ऑर्डर मात्र "पेंडिंग" राहते. गेटवेचा सर्व्हर तुमच्या साइटला "पैसे मिळाले" हा निरोप वेबहुकने देतो, आणि क्लाउडफ्लेअरचा "बॉट फाइट मोड" त्यालाही बॉट समजतो. मोफत प्लॅनमध्ये हा मोड ठरावीक विनंत्या वगळणाऱ्या "स्किप" नियमाने टाळता येत नाही. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या साइटवर तो बंद ठेवा, वरचे नियम पुरेसे आहेत. बदल केल्यावर एक रुपयाची खरी ऑर्डर टाकून बघा.

लॉगिन पानाचा पत्ता बदलणारं प्लगइन टकटक कमी करतं, पण भोकाला उपाय नाही, आणि एक्सएमएल-आरपीसी उघडं असेल तर पासवर्डलाही नाही. त्याआधी प्रत्येक ॲडमिनला टू-फॅक्टर लावा आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. रोज ब्लॉग लिहिणाऱ्या किंवा ऑर्डर बघणाऱ्या माणसाला ॲडमिन करू नका. एडिटर किंवा शॉप मॅनेजर पुरतं.

ओटीपीने लॉगिन असेल तर ते आजच तपासा. एकाच नंबरवर ओटीपीचा भडिमार करणारे बॉट असे फॉर्म शोधून वापरतात. त्रास त्या नंबरवाल्याला होतो आणि प्रत्येक एसएमएसचे पैसे तुमच्या खात्यातून जातात. एका नंबरला दहा मिनिटांत तीन आणि एका आयपीला तासाला दहा अशी मर्यादा सर्व्हरच्या बाजूने घाला. बटण अर्धा मिनिट निष्क्रिय करणं ही मर्यादा नव्हे, बॉट बटण दाबतच नाही. फॉर्मला टर्नस्टाइल (क्लाउडफ्लेअरची माणूस की बॉट ओळखणारी तपासणी) लावा, तेही मोफत आहे. चौकशीच्या फॉर्मवरचं "आम्हाला तुमचा निरोप मिळाला" हे स्वयंचलित उत्तर बंद करा, कारण त्यात परक्याचा पत्ता भरून तुमच्या डोमेनवरून स्पॅम पाठवता येतो.

बॉट जे आणखी मागतात ते लॉगमधल्या ४०४ (फाइल सापडली नाही) च्या ओळींत दिसेल: बॅकअप.झिप, .ईएनव्ही, .गिट फोल्डर, डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या जुन्या प्रती. ४०४ आलं तर काळजी नाही. २०० आलं तर ती फाइल गेली असं धरून तिच्यातले सगळे पासवर्ड बदला. बॅकअप पब्लिक_एचटीएमएलमध्ये कधीच ठेवू नका. सर्व्हरबाहेर ठेवा, निदान तीस दिवस मागे जाता येईल इतक्या प्रती, कारण संसर्ग उशिरा कळतो.

"तुमच्या साइटमध्ये गंभीर त्रुटी सापडली, बक्षीस द्या" किंवा "डेटाबेस आमच्याकडे आहे, बिटकॉइन पाठवा" असे मेल येतील. ते हजारो साइटना एकसारखे जातात. उत्तर न देता लॉगमध्ये शिरकावाचा आकार शोधा.

नोंद आणि गुगल

सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, सेवा पुरवठादार आणि व्यावसायिक संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. ग्राहकांचे पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही तितक्याच तातडीने कळवा.

गुगल सर्च कन्सोलमध्ये आधी "युझर्स अँड परमिशन्स" पाहा. हल्लेखोर स्वतःला मालक म्हणून जोडून घेतो. नुसतं नाव काढून भागत नाही, त्याची पडताळणीची एचटीएमएल फाइलही सर्व्हरवरून पुसावी लागते, नाहीतर तो परत मालक होतो. मग त्याने दिलेला साइटमॅप काढा. गुगलच्या शोधपेटीत इंग्रजीत "साइट", अपूर्णविराम आणि लगेच तुमचं डोमेन असं टाकलं की गुगलला माहीत असलेली पानं दिसतात. जपानी अक्षरांची शेकडो पानं दिसली तर त्यांना ४०४ किंवा ४१० मिळतंय ना तपासा. गुगलला साइट कशी दिसते ते "यूआरएल इन्स्पेक्शन"मध्ये बघा, कारण पुष्कळ मालवेअर लॉगिन केलेल्या मालकापासून स्वतःला लपवतं. लाल इशारा येत असेल तर "सिक्युरिटी इश्यूज"मधून फेरतपासणी मागा. काय सापडलं, काय काढलं, कोणतं भोक बुजवलं हे तीन-चार वाक्यांत लिहा. उत्तराला काही दिवस लागतात, स्पॅम पानांच्या बाबतीत काही आठवडे. अर्धवट साफ करून अर्ज टाकलात तर तो फेटाळला जातो आणि पुढच्या अर्जाला उशीर होतो.

तरीही परत आलं तर

साफसफाईनंतर महिनाभर आठवड्यातून एकदा तीन गोष्टी बघा: लॉगिनवर अनोळखी आयपीचा ३०२, अपलोड्समधल्या पीएचपीला २००, आणि युझर्सच्या तक्त्यातली संख्या. यातलं काही बदललं तर कोणता मार्ग राहिला ते लॉगमध्ये त्या घटनेच्या आधीच्या दहा ओळींत शोधा.

फाइली परत बदलत असतील आणि कोणत्याच डोमेनच्या लॉगमध्ये ओळ नसेल, एफटीपी आणि सीपॅनेलच्या नोंदीही स्वच्छ असतील, तर त्या अकाउंटवर आणखी वेळ घालवू नका. नवीन अकाउंट घ्या, फक्त एका साइटसाठी. जुन्यातून दोनच गोष्टी न्या: तपासलेला डेटाबेस, आणि अपलोड्समधल्या जेपीजी, पीएनजी, वेबपी, पीडीएफ अशा शेपटीच्या फाइली. बाकी सगळं ताजं डाउनलोड करा. डीएनएस वळवल्यावर जुनं अकाउंट "राहू दे, बॅकअप म्हणून" असं ठेवू नका. त्याची एक प्रत उतरवून घ्या आणि अकाउंट बंद करा. डीएनएसमध्ये त्याच्या आयपीकडे बोट दाखवणारी मेल किंवा एफटीपीची नोंद राहिली असेल तर तीही काढा.